इलेक्ट्रिक ओव्हन आणि हॉबसाठी वायर कोणती? टाइल्स बसण्याआधी ठरवायच्या गोष्टी

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं की ओट्याचा दगड, ट्रॉल्यांचा रंग आणि चिमणीचं माप यांवर महिनाभर चर्चा होते. ओव्हन आणि हॉब कुठला घ्यायचा हे मात्र बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात ठरतं. तोपर्यंत भिंतीतल्या चरा बुजवलेल्या असतात, टाइल्स लागलेल्या असतात आणि वायरमनने 'सगळीकडे अडीचची ओढलीय, चालून जाईल' असं सांगून हिशोब पूर्ण केलेला असतो. मग हॉबचा खोका उघडल्यावर लक्षात येतं की त्याला प्लगच नाही, नुसतीच जाड केबल बाहेर आलेली आहे. कधी कधी तर केबलही नसते, फक्त जोडणीसाठी टर्मिनल असतात.

अशा वेळी 'चालून जाईल' हे खरंही ठरतं. हॉब चालतो, दूध तापतं, आठ महिने काहीच होत नाही. अडचण हीच आहे की अपुरी वायर लगेच तक्रार करत नाही. ती भिंतीच्या आत थोडी थोडी तापत राहते.

आधी एक खुलासा. आपल्याकडे दुकानात 'हॉब' मागितला तर बहुतेक वेळा ओट्यात बसवायची गॅसची शेगडी दाखवतात. तिला वीज लागते ती फक्त ठिणगी पाडण्यापुरती. त्यासाठी साधा ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. हा लेख आहे तो विजेवर अन्न शिजवणाऱ्या हॉबबद्दल, म्हणजे ओट्यात कायमचा बसवलेला इंडक्शन किंवा सिरॅमिक हॉब आणि कपाटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन.

सुरुवात प्लेटवरच्या आकड्यापासून

प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा खाली एक छोटी प्लेट चिकटवलेली असते. तिच्यावर वॉटमध्ये एक आकडा असतो. त्याला २३० ने भागलं की ते उपकरण पूर्ण जोरात चालताना किती अँपिअर घेईल हे कळतं. २३० हा आपल्या घरगुती सिंगल फेज पुरवठ्याचा व्होल्टेज. सगळा हिशोब या एका भागाकारावर उभा आहे.

टेबलावर ठेवायची एका भांड्याची इंडक्शन शेगडी साधारण २,००० वॉटची असते, म्हणजे ८.७ अँपिअर. केक-नानकटाईसाठी घेतलेला छोटा ओटीजी १,२०० ते २,००० वॉटच्या आसपास. ही दोन्ही उपकरणं १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर, म्हणजे ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो त्यावर, निवांत चालतात. कपाटात बसवायचा ओव्हन २,९०० वॉटचा धरला तर १२.६ अँपिअर. तोही अजून पॉवर पॉइंटच्या आवाक्यात आहे.

चार भांड्यांच्या इंडक्शन हॉबपाशी मात्र चित्र पालटतं. त्याच्या प्लेटवर ७,२०० किंवा ७,४०० वॉट असा आकडा सर्रास दिसतो. ७,२०० ला २३० ने भागा, ३१.३ अँपिअर येतात. दीड टनाचे तीन-चार एसी एकदम सुरू केल्यासारखा हा भार आहे, आणि तो एकाच वायरीतून जायचा आहे. दोन भांड्यांचा हॉब साधारण ३,५०० वॉटचा, म्हणजे १५ अँपिअरच्या थोडा वर असतो. स्वयंपाकघर करताना 'दोनचा की चारचा' हा प्रश्न आपण भांडी किती लागतात यावरून सोडवतो. विजेच्या बाजूने पाहिलं तर हे दोन निरनिराळ्या जातीचे प्राणी आहेत.

वायर जाड का लागते?

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा तार थोडी तापतेच. किती तापते, हे अँपिअरच्या सरळ प्रमाणात नसतं, तर वर्गाच्या प्रमाणात असतं. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तार जाड असली की तिचा रोध कमी होतो आणि उष्णताही कमी निर्माण होते.

घरातल्या साध्या वायरीवरचं पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान कायमस्वरूपी सहन करू शकतं. त्यापलीकडे ते लगेच वितळत नाही, पण हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि एके दिवशी फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये काही उरत नाही. वायरीची क्षमता किती अँपिअर, याचा अर्थच असा की इतक्या प्रवाहाला आवरण ७० अंशांच्या आत राहतं.

आता आकडे. भिंतीतल्या पाइपमधून एकच सर्किट जात असेल आणि भोवतालचं तापमान ३० अंश असेल, तर आंतरराष्ट्रीय कोष्टकांनुसार पीव्हीसी आवरणाची तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर २४ अँपिअर, चारची ३२, सहाची ४१ आणि दहाची ५७ अँपिअर वाहू शकते. दुकानदार आणि वायरमन 'अडीचची', 'चारची', 'सहाची' म्हणतात ती हीच चौरस मिलिमीटरमधली जाडी.

पण ३० अंश? नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ही अट वाचून हसूच येईल. पश्चिमेकडची भिंत दुपारभर तापलेली असते, वर स्वयंपाकघराची ऊब. भोवतालचं तापमान ४० अंश धरलं की याच वायरींची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटते: अडीचची जवळपास २१ वर येते, चारची २८ वर, सहाची ३६ वर. आणि वायरमनने वेळ वाचवण्यासाठी हॉबची आणि ओव्हनची वायर एकाच पाइपमधून ओढली, तर दोन्ही एकमेकींना तापवतात. क्षमता आणखी २० टक्क्यांनी उतरते. मग सहाची वायर २८-२९ अँपिअरवर येऊन थांबते, आणि आपला हॉब मागतोय ३१!

म्हणजे योग्य जाडीची वायर आणूनही ती चुकीच्या पाइपमधून नेली तर हिशोब बिघडतो. हॉबसाठी स्वतंत्र पाइप घ्या, असा आग्रह त्यासाठीच. एका जादा पाइपचा खर्च संपूर्ण स्वयंपाकघराच्या बजेटात दिसणारही नाही.

एमसीबी कोणाला वाचवतो?

बोर्डातला एमसीबी हॉबचं किंवा ओव्हनचं संरक्षण करतो असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो भिंतीतल्या वायरीचं संरक्षण करतो. त्यामुळे तीन आकडे एका चढत्या क्रमात असायला हवेत. सर्वांत लहान आकडा उपकरणाच्या अँपिअरचा, त्याच्याइतका किंवा मोठा एमसीबीचा, आणि त्याच्याइतका किंवा मोठा वायरीच्या क्षमतेचा. हॉब ३१.३, एमसीबी ३२, वायर ३६. क्रम जमला.

हा क्रम मोडण्याचा सर्वांत सोपा आणि आपल्याकडे सर्वांत रूढ मार्ग असा: अडीचच्या वायरीवर २० अँपिअरचा एमसीबी आहे, त्यावर चारचा हॉब जोडला. दोन भांडी ठेवली तोवर ठीक, सणाच्या दिवशी चारही ठेवली की एमसीबी पडतो. वायरमनला बोलावलं जातं. तो येतो, जुना एमसीबी काढतो, ३२ चा लावतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. एमसीबी पडायचा थांबला, सगळे खूश.

भिंतीत काय झालं ते पाहा. २१ अँपिअरच्या वायरीतून आता ३१ अँपिअर जाताहेत. प्रवाह दीडपट, म्हणजे उष्णता सव्वादोन पटीच्या घरात. हॉब असा सलग चालत राहिला तर वायरीचं तापमान शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकतं. आणि ३२ चा एमसीबी ३१ अँपिअरला कधीच पडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे. एमसीबी वारंवार पडत असेल तर त्याची तक्रार ऐकून घ्यायची असते. त्याला बदलून गप्प करणं म्हणजे घरातल्या कुत्र्याला तोंड बांधून झोपवण्यासारखं आहे.

एमसीबी अगदी नेमक्या आकड्यालाही पडत नाही, हेही माहीत असावं. मानकानुसार ठरलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला त्याने तासभर टिकून राहायचं असतं आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडायचं असतं. म्हणजे २० चा एमसीबी २९ अँपिअरला पडायला तासभरही घेऊ शकतो. वायरीच्या क्षमतेत थोडी सैल जागा ठेवायची ती यामुळे.

मग नेमकी कोणती घ्यायची?

कपाटातल्या ओव्हनला १६ अँपिअरचा एमसीबी आणि बोर्डापासून थेट आलेलं त्याचं एकट्याचं सर्किट. हिशोबाने अडीचची वायर पुरते. तरी आमचं मत चारची घाला असं आहे. हा ओव्हन दहा वर्षांनी बदलेल, भिंत त्यासाठी पुन्हा फोडली जाणार नाही. याच सर्किटवर मायक्रोवेव्ह, मिक्सर किंवा फ्रिज टाकू नका. ओव्हनमध्ये पाव भाजायला ठेवलाय आणि शेजारच्या सॉकेटवर कोणी पाण्याची किटली लावली, की १६ चा आकडा ओलांडला जातो.

दोन भांड्यांच्या हॉबला चारची वायर आणि २० चा एमसीबी. चार भांड्यांच्या हॉबला स्वतंत्र पाइपमधून सहाची वायर आणि ३२ चा एमसीबी. पाइप दुसऱ्या सर्किटबरोबर वाटून घ्यावाच लागत असेल तर दहाची घ्या, पण हॉबच्या टर्मिनलमध्ये आणि स्विचमध्ये दहाची तार बसते का, ते आधी पाहा. बऱ्याचदा ती मावत नाही. मग कारागीर तारेचे काही पदर कापून ती आत कोंबतात, आणि नेमकी तीच जागा पुढे जळते.

फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तिन्ही वायरी एकाच जाडीच्या हव्यात. पैसे वाचवण्यासाठी हिरवी अर्थिंगची वायर एकची किंवा दीडची टाकायची सवय काही ठिकाणी आहे. दोष झाला तर सगळा प्रवाह त्याच वायरीतून जाणार असतो. वायरीवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक पाहून घ्या. एफआर किंवा एफआरएलएस ही अक्षरं आग पसरण्याशी आणि धुराशी संबंधित आहेत. ती वायर चांगलीच, पण त्यामुळे अडीचची चारची होत नाही.

हॉब घेताना एक गोष्ट विचारायला हवी: त्याची कमाल शक्ती मर्यादित करता येते का? बऱ्याच नव्या इंडक्शन हॉबमध्ये बसवणाऱ्याने एकदाच करायची अशी सेटिंग असते. ७,२०० वॉटचा हॉब ४,५०० वर बांधून ठेवला तर तो २० अँपिअरच्या पुढे जात नाही. चारही भांडी एकदम उकळणार नाहीत, पण वरण मंद आचेवर असताना पोळीचा तवा पूर्ण तापेल. भिंत फोडणं शक्यच नसेल तर हा सर्वांत शहाणा तोडगा आहे.

ब्रिटनमध्ये नातेवाईक असतील तर ते सांगतील की तिकडे हॉब आणि ओव्हन मिळून एकाच ३२ अँपिअरच्या सर्किटवर असतात. खरं आहे. तिथे घरगुती कुकरच्या हिशोबात पहिले १० अँपिअर पूर्ण धरतात आणि उरलेल्याचे फक्त ३० टक्के, कारण सगळे बर्नर एकाच वेळी पूर्ण जोरात क्वचितच चालतात. तर्क बरोबर आहे. पण आपल्या भिंतींचं तापमान आणि दिवाळीच्या आठवड्यातला आपला स्वयंपाक पाहता आम्ही ती सवलत इथे घेणार नाही.

जुन्या इमारतीत राहत असाल तर

जुने वायरमन अजूनही 'तीन-वीस', 'सात-वीस' अशा भाषेत बोलतात. त्यातला पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेचा गेज. तीन-वीस म्हणजे सुमारे २ चौरस मिलिमीटर, सात-वीस म्हणजे साडेचारच्या आसपास. पॉवर पॉइंटला तीन-वीस गेलेली असेल तर चार भांड्यांच्या हॉबचा विचारही त्यावर करू नये.

काही जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर निघते. तिला नवी तांब्याची वायर पीळ देऊन जोडली तर दोन धातूंच्या सांध्यावर गंज चढतो, सांधा ढिला होतो आणि तापतो. जोड देऊ नका, बोर्डापासून नवीन ओढा. अर्थिंगच नसेल तर ते न्यूट्रलवरून किंवा नळाच्या पाइपवरून घेण्याचा 'जुगाड' कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. ओला ओटा, स्टीलची भांडी आणि धातूच्या अंगाचा ओव्हन, एवढं सगळं एकत्र असताना अर्थिंग खरं असावं लागतं, आणि ते आहे की नाही हे वायरमनने मीटरने मोजून दाखवावं.

जोडणी कशी असावी?

ओव्हनला १६ अँपिअरचा प्लग चालतो, पण सॉकेट ओव्हनच्या थेट मागे नको. मागचा पत्रा तापतो आणि काही बिघडलं तर हात पोचत नाही. बाजूच्या कपाटात सॉकेट घ्या. आयात केलेल्या ओव्हनला कधी कधी दोन पिनांचा गोल युरोपियन प्लग असतो. तो आपल्याकडच्या बहुउपयोगी सॉकेटमध्ये कसाबसा बसतो आणि ओव्हन सुरूही होतो. त्या प्लगचं अर्थिंग मात्र त्याच्या कडेच्या पट्ट्यांतून येतं, आणि तशी पट्टी आपल्या सॉकेटमध्ये नसते. ओव्हन चालू, अर्थिंग बंद. असा प्लग बदलूनच घ्यावा, आणि वॉरंटीचा प्रश्न येऊ नये म्हणून तो कंपनीच्या माणसाकडून बदलावा.

१६ अँपिअरच्या पुढच्या हॉबला प्लग नसतोच. त्याची केबल ३२ अँपिअरच्या डीपी स्विचमधून थेट जोडायची असते. डीपी म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच. तो हॉबच्या बरोबर वर लावू नका. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आगीवरून हात न्यावा लागेल. बाजूला, हाताशी हवा. एक्स्टेन्शन बोर्डचा तर इथे विषयच नाही.

पावसाळ्यातला आरसीसीबी

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. अर्थिंगकडे थोडासा प्रवाह गळू लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. माणसाचा जीव वाचवणारं हेच उपकरण आहे, एमसीबी नव्हे. इंडक्शन हॉबमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळणारा प्रवाह साध्या 'एसी' प्रकाराच्या आरसीसीबीला नीट ओळखता येईलच असं नाही, म्हणून 'ए' प्रकारचा घ्यावा.

कोकणात आणि मुंबईत एक अनुभव बऱ्याच जणांना येतो. जून ते सप्टेंबर ओव्हन बंद, गणपतीत किंवा दिवाळीत पहिल्यांदा लावला की सगळ्या घराची वीज जाते. ओव्हन बिघडलेला असेलच असं नाही. त्याच्या तापणाऱ्या कांडीच्या आतली पावडर हवेतला ओलावा शोषून घेते आणि तेवढ्यापुरता प्रवाह गळतो. यावर काही जण आरसीसीबीला वळसा घालून ओव्हन चालवतात. ते करू नका. कंपनीच्या माणसाकडून कांडीची गळती मोजून घ्या, आणि पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा ओव्हन थोडा वेळ चालवत जा. ओव्हनच्या सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ लावला तर निदान फ्रिज आणि दिवे तरी जात नाहीत.

मीटरपर्यंत मागे जा

स्वयंपाकघरातली वायर बरोबर निवडली तरी काम संपत नाही. हॉबचे ३१, ओव्हनचे १२-१३, गिझरचे ९, एका एसीचे ७-८ अशी बेरीज केली तर ६० अँपिअर होतात. मीटरपासून घरापर्यंत आलेली वायर किती जाड आहे, मेन स्विच किती अँपिअरचा आहे? महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॉटमध्ये छापलेला असतो. तो काढून वाचा. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी यांच्यापैकी जो पुरवठादार असेल त्याच्याकडे चौकशी करा. भार वाढवायचा असेल तर अर्जासोबत सहसा परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यामुळे कामही तशाच माणसाकडून करून घ्या.

थ्री फेज जोडणी घेतली तर स्थिर आकार वाढतो, पण बहुतेक मोठे हॉब दोन फेजवर विभागता येतात आणि प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच्या आसपास भार राहतो. त्यासाठी हॉबच्या टर्मिनलमधली पितळी पट्टी कुठे ठेवायची, याचं चित्र हॉबवरच छापलेलं असतं. ते न पाहता जोडलं तर २३० च्या जागी ४०० व्होल्ट जाऊन हॉब पहिल्याच दिवशी जळू शकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर ओव्हन-हॉब येत नाहीत ना, तेही तेव्हाच तपासा.

सगळं बसल्यावर वायरमन घरात असतानाच एक चाचणी करा. चारही जागांवर पाण्याची भांडी ठेवून हॉब अर्धा तास पूर्ण जोरात चालवा. मग डीपी स्विचच्या प्लेटला आणि बोर्डातल्या एमसीबीच्या पुढच्या भागाला हात लावून पाहा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा जळकट वास येत असेल तर आतला स्क्रू ढिला आहे. मेन बंद करून तो तिथल्या तिथे आवळून घ्या, आणि दीड-दोन महिन्यांनी सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासायला त्यालाच बोलवा.